इनामगाव ओस पडले ते नेमके कधी?



पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामातून महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचे अख्खे गाव उजेडात आले. चौकोनी, कुडाच्या भिंतींची घरे, पाच खोल्यांचे एक मोठे घर, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार, पाण्याचा पाट, जळून काळे पडलेले सातूचे दाणे. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेले आणि त्यांत तान्ह्या मुलांचे अवशेष. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात तर प्रौढ पुरुष बसवून पुरलेला होता.

उत्खनकांनी या वस्तीचे तीन कालखंड पाडले. माळवा संस्कृतीचा काळ सुमारे इ.स.पू. 1600 ते 1400, पूर्व जोर्वे 1400 ते 1000 आणि उत्तर जोर्वे 1000 ते 700. शेवटच्या काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचे अवलंबन वाढले. मग गाव ओस पडले. पाऊस कमी झाला, शेती परवडेना, माणसे भटकी झाली, ही ढवळीकरांची मांडणी आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली आहे.

या मांडणीचा सगळा भार एका गोष्टीवर आहे, ती म्हणजे तारखा. गावाची पडझड आणि पावसाची घट एकाच काळातली असली, तरच एक दुसरीचे कारण ठरू शकते. म्हणून आजचे हे भाषण कार्बन-14 विषयी आहे.

या पद्धतीचे मूळ तत्त्व साधे आहे. विश्वकिरणांमुळे हवेच्या वरच्या थरात नायट्रोजनचे कार्बन-14 बनत राहते. झाडे ते हवेतून घेतात आणि झाडांवर जगणारे जीव झाडांकडून. जीव मेला की हा पुरवठा थांबतो आणि साठलेले कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मे होत जाते. शिकागो विद्यापीठात विलर्ड लिबी यांनी 1949 मध्ये हे कालमापन जगापुढे ठेवले. इजिप्तचा राजा जोसेर याच्या थडग्यातील लाकडासारखे, ज्यांचे वय इतिहासातून आधीच ठाऊक होते असे नमुने मोजून त्यांनी पद्धतीची परीक्षा घेतली. 1960 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तोवर आपल्याकडच्या इनामगावसारख्या ताम्रपाषाण गावांची वये कशी ठरत होती? भांड्याची तोटी आणि वाडग्याचा कंगोरा पाहून, दूर इराणातल्या भांड्यांशी साम्य शोधून. त्या काळच्या अभ्यासकांची नजर तीक्ष्ण होती यात शंका नाही. पण साम्यावरून ठरवलेली तारीख तपासायला दुसरे साधन नव्हते. ते साधन साठच्या दशकाच्या आरंभी मुंबईत आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, धर्मपाल अग्रवाल यांच्यासारख्यांनी कार्बन कालमापनाची प्रयोगशाळा उभी केली. पुढे ती अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली. ‘टीएफ’ या अक्षरांनी सुरू होणारे नमुना क्रमांक आजही जुन्या उत्खनन अहवालांत भेटतात. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये मिनिटाला तेरा-चौदाच अणूंचा क्षय होतो, तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात त्याहूनही कमी. बाहेरचा किरणोत्सर्ग अडवून एवढी क्षीण हालचाल नेमकी टिपणे आणि तेही त्या काळच्या उपकरणांवर! भारतीय पुरातत्त्वाच्या इतिहासात या कामाची जागा फार वरची आहे, आणि ती मिळायला हवी तितकी मिळालेली नाही.

याच प्रयोगशाळेच्या तारखांवरून 1964 मध्ये अग्रवालांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हडप्पा संस्कृतीविषयी एक धाडसी निष्कर्ष मांडला. मॉर्टिमर व्हीलर यांनी या संस्कृतीला इ.स.पू. 2500 ते 1500 असा काळ दिला होता. अग्रवालांनी तो इ.स.पू. 2300 ते 1750 इतका आखूड केला. मोजणी नीट झाली होती. पण लिबींनी गृहीत धरले होते की हवेतले कार्बन-14 चे प्रमाण सर्व काळ सारखेच राहिले, आणि ते गृहीतक टिकले नाही. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरच्या हजारो वर्षे जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइनची वर्तुळे मोजली तेव्हा प्रत्येक वर्तुळाचे खरे वर्ष आणि त्याचे कार्बन वय यांत फरक दिसला. तो फरक जुळवून घेतल्यावर प्रगत हडप्पा काळ सुमारे इ.स.पू. 2600 ते 1900 असा स्थिरावला. प्रयोगशाळेने मोजलेला आकडा तोच राहिला, त्याचे वर्ष बदलले.

म्हणूनच आजही एखाद्या लेखात नुसते ‘इ.स.पू. 1200’ छापलेले दिसले की अस्वस्थ व्हायला होते. मूळ कार्बन वय कुठे आहे? 1950 हे वर्ष शून्य धरून मोजलेला तो आकडा, त्यापुढची ± खूण, प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, आणि जुळणी कोणत्या आलेखाने केली त्याची नोंद? हे चार तपशील नसतील तर पुढच्या पिढीला ती तारीख पुन्हा तपासता येणार नाही. ± खुणेबाबत तर फार गैरसमज आहे. 2,800 ± 100 याचा अर्थ खरे कार्बन वय त्या दोनशे वर्षांत असण्याची शक्यता 68 टक्के आहे. उरलेल्या 32 टक्क्यांना वर्तमानपत्राच्या मथळ्यात जागा मिळत नाही.

आता इनामगावच्या शेवटाकडे. इथे निसर्गाने अभ्यासकांपुढे मोठीच अडचण उभी केली आहे. इ.स.पू. 800 ते 400 या शतकांत हवेतले कार्बन-14 अशा गतीने घटत गेले की आधीच्या झाडात ते जास्त होते पण क्षयाला वेळही जास्त मिळाला. नंतरच्या झाडात मुळातच कमी होते आणि वेळही कमी मिळाला. परिणाम असा की आज दोघांचेही मोजमाप जवळपास सारखे, 2,450 वर्षांच्या आसपास येते. कालमापनाच्या आलेखावर हे सपाट पठार दिसते. युरोपातल्या हॉलस्टाट संस्कृतीचे अभ्यासक त्याच्याशी कित्येक दशके झुंजत आहेत. आपल्या उत्तर जोर्वेचा शेवट याच पठाराच्या तोंडाशी येतो. इ.स.पू. 700 हा आकडा इतक्या निःशंकपणे उच्चारला जातो, पण एकट्या नमुन्याच्या बळावर या पट्ट्यात 700 आणि 500 यांतला फरक सांगणे जवळजवळ अशक्य आहे.

त्यात लाकडाच्या वयाचा प्रश्न. पडक्या वाड्याची सागवानी तुळई जशी नव्या घरात वापरली जाते, तसा जुना लाकूडफाटा प्राचीन घरांतही वापरला गेला असणार. कोळसा झाड वाढल्याचे वर्ष सांगतो, घर जळाल्याचे नव्हे. सातूच्या दाण्याचे तसे नसते, तो एका हंगामाचा. पूर्वीच्या पद्धतीला काही ग्रॅम कार्बन लागे, म्हणून दाणे सोडून कोळशाचे मोठे तुकडे निवडावे लागत. 1977 पासून विकसित झालेल्या त्वरक वस्तुमान पद्धतीत अणू थेट मोजले जातात आणि एक मिलिग्रॅम कार्बनही पुरतो. ही सोय आता दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात, म्हणजे आपल्याच देशात आहे.

पठारावरही वाट आहे. एकमेकांवर चढलेल्या पाच-सहा थरांतून एकेक दाणा मोजला आणि ‘खालचा आधीचा, वरचा नंतरचा’ ही उत्खनकाची नोंद गणितात धरली, तर शक्यतांचा पट्टा अरुंद होतो. इथे भौतिकशास्त्रज्ञाइतकेच मोल वहीत थर नीट लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे. उंदराच्या बिळातून खाली गेलेला दाणा ज्याने ओळखला नाही, त्याच्या नमुन्याला जगातली कोणतीही प्रयोगशाळा वाचवू शकत नाही.

दुसरीकडे, ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास 2011 मध्ये पुस्तकरूपाने मांडला आणि दुष्काळाने गाव उठले या स्पष्टीकरणावर गंभीर प्रश्न उभे केले. जमिनीवर पडलेला ताण, उपासमार, बालमृत्यू यांच्याकडे त्यांनी लक्ष वेधले. ढवळीकरांचे खरे की शुग यांचे, हा वाद नेमक्या तारखांशिवाय पुढे सरकणार नाही. तारखा मात्र बहुतेक जुन्याच वापरल्या जातात.

या व्यासपीठावरून म्हणून एक ठोस मागणी आहे. महाराष्ट्रातल्या जोर्वे गावांच्या उत्खननांतले दाणे आणि हाडे जिथे जिथे जपलेली आहेत, तिथे त्यांची थरवार यादी व्हावी. त्यातून आधी उत्तर जोर्वेच्या गोल झोपड्यांतील दाणे आणि त्याच थरांतील दफने निवडावीत. उष्ण हवेत हाडांतील कोलॅजेन लवकर नष्ट होते, त्यामुळे सगळीच हाडे कामी येणार नाहीत. ते आधी तपासूनच नमुना खर्ची घालावा, कारण मोजलेला नमुना परत येत नाही. आलेला प्रत्येक आकडा, नकोसा वाटला तरी, नमुना क्रमांकासह प्रसिद्ध करावा. कामाची सुरुवात इनामगावपासून करावी आणि त्यासाठी लागणाऱ्या निधीचा ठराव याच परिषदेच्या समारोपापूर्वी मांडला जावा, अशी विनंती आहे.