रस्ता म्हणजे सुधारणा, पाळणाघर म्हणजे सेवा

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



विषय ऐकून काहीजणी गालातल्या गालात हसल्या, ते मी पाहिलं. वस्तीतला नळ तीन दिवस कोरडा, आणि ही बाई सांगणार अमेरिकेतल्या नगर परिषदांच्या पैशाबद्दल! पण वरच्या सरकारकडून वस्तीसुधारणेचा पैसा येतो, शहराची परिषद ठराव करते आणि त्यातून बाईच्या हातात काय पडतं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. तिथं त्याचे नियम पन्नास वर्षं छापलेले आहेत, त्यामुळे गाठ नेमकी कुठे बसते ते दिसतं. मी ते वाचायला घेतले ते वस्तीतली कामं करता करताच.

वॉशिंग्टनचं केंद्र सरकार शहरांना जो पैसा देतं, त्यातला एक मोठा निधी म्हणजे 'कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट'. आपण त्याला वस्तीविकास निधी म्हणू. कायदा १९७४ सालचा. त्याआधी 'अर्बन रिन्यूअल'च्या नावाखाली काळ्या लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या गेल्या होत्या. अशा वेगवेगळ्या योजना गुंडाळून सरकारनं एक रक्कम द्यायची आणि खर्च कशावर करायचा ते शहरानं ठरवायचं, अशी ही कल्पना. साधारण ५० हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना पैसा सूत्रानुसार थेट मिळतो, लहान गावांना राज्यामार्फत. २०२४ साली हा निधी सुमारे ३३० कोटी डॉलर होता.

'शहरानं ठरवायचं' याचा अर्थ काय होतो, ते लगेचच दिसलं. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात या पैशातून सुखवस्तू भागात टेनिसची मैदानं झाली. गरिबांच्या नावानं आलेला पैसा उताराकडे वाहावा तसा वाहिला. मग आरडाओरड झाली, संघटनांनी कागद काढले, आणि कायदा हळूहळू घट्ट होत गेला. निधीतला किती भाग कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडलाच पाहिजे, याचा आकडा १९८३ मध्ये ५१ टक्के ठरला, १९८७ मध्ये ६० झाला आणि १९९० मध्ये ७०. हे आकडे कुणी मेहेरबानीनं दिलेले नाहीत.

आता आपल्या मुद्द्याकडे येते. याच कायद्यात आणखी एक आकडा आहे आणि तो उलट्या दिशेचा आहे. 'सार्वजनिक सेवा' या सदरावर शहरानं निधीच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही! या सदरात काय काय येतं? मुलं सांभाळणं, म्हाताऱ्यांची देखभाल, आरोग्य, मारहाणीतून सुटून आलेल्या बाईला आधार आणि सल्ला, बहुतेक रोजगार-प्रशिक्षणसुद्धा. रस्ते, गटारं, फुटपाथ, इमारतींची डागडुजी ही 'सुधारणा', तिच्यावर अशी मर्यादा नाही.

बारकावा ऐका. पाळणाघराची इमारत बांधायची असेल तर ती सुधारणा, मर्यादेबाहेर. त्याच इमारतीत दिवसभर वीस पोरं सांभाळणाऱ्या बाईचा पगार ही सेवा, मर्यादेच्या आत. निवारागृहाचं छप्पर सुधारणा, आणि तिथे रात्री दार उघडणारी कार्यकर्ती सेवा. म्हणजे भिंतीला पैसा आहे, भिंतीच्या आतल्या बाईला मोजून मापून. कायदा करणाऱ्यांची भीती अशी होती, की शहरं आपला रोजचा खर्च या पैशातून भागवतील आणि टिकाऊ काहीच उभं राहणार नाही. भीती अगदीच खोटी नव्हती. पण बायकांच्या कामाला 'चालू खर्च' आणि पुरुषांच्या कामाला 'कायमची मत्ता' म्हणायचं, ही वाटणी त्यातून सरकारी कागदावर पक्की झाली. १९८१ मध्ये ही मर्यादा १० टक्के होती, १९८३ मध्ये १५ झाली, आणि ती आजही तेवढीच आहे. २०२० मध्ये करोना आला तेव्हा मात्र साथीशी संबंधित सेवांसाठी ही मर्यादा उठवली गेली. सांभाळणाऱ्या हातांशिवाय शहर चालत नाही, हे कळायला साथ यावी लागली. आणि उठवता येते, हेही तेव्हाच कळलं.

आता रोजगाराचं. सुधारणा म्हणजे बांधकाम, बांधकाम म्हणजे नोकऱ्या, असं प्रत्येक ठरावात लिहिलेलं असतं. पण नोकऱ्या कुणाला? १९६०च्या दशकात तिथल्या काळ्या वस्त्यांमध्ये उद्रेक झाले. त्यानंतर १९६८च्या गृहनिर्माण कायद्यात 'कलम ३' आलं: केंद्राच्या पैशानं काम होत असेल तर त्यातला रोजगार जमेल तितका त्याच भागातल्या गरिबांना द्या. अनेक वर्षं याची मोजदाद नव्या भरतीवर व्हायची, नव्यानं घेतलेल्यांपैकी ३० टक्के. ठेकेदार कुठलाही असो, हुशारच. माणूस चार दिवस घेतला तरी भरती मोजली जायची, आणि नवीन कुणाला घेतलंच नाही तर प्रश्नच मिटला. २०२०च्या नियमानं मोजमाप बदललं. आता कामाचे तास मोजतात: एकूण तासांपैकी २५ टक्के गरीब घरातल्या कामगारांचे, आणि ५ टक्के मुख्यतः त्याच वस्तीच्या आसपास राहणाऱ्यांचे. तासांची मागणी आपल्याकडेही करण्यासारखी आहे. 'अमुक महिलांना रोजगार' या वाक्याला विचारावं, किती दिवस?

यात बायका कुठे आहेत? कलम ३ गरिबी पाहतं, बाई की पुरुष ते पाहत नाही. बायकांसाठी वेगळं लक्ष्य होतं. केंद्राच्या पैशातल्या बांधकामांवर स्त्रियांचे तास ६.९ टक्के असावेत, असं १९७८ मध्ये ठरलं आणि पुढची चार दशकं तो आकडा जागचा हलला नाही. प्रत्यक्ष हत्यार हातात घेऊन बांधकाम करणाऱ्यांत तिथं आजही शंभरात चार-पाचच बायका आहेत. आणि ज्या अध्यक्षीय आदेशावर हे लक्ष्य टेकलं होतं, तो जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. एका सहीनं! त्याउलट १५ टक्क्यांची मर्यादा कायद्यात आहे, म्हणून टिकून आहे. आपल्या बाजूचं काय कायद्यात आहे आणि काय नुसत्या आदेशात, हे संघटनांनी वेगवेगळं लिहून ठेवावं.

तिथल्या नियमांतली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. परिषदेनं ठराव करण्याआधी वर्षाचा आराखडा लोकांसमोर ठेवावा लागतो, सूचनांसाठी ३० दिवस द्यावे लागतात. वर्षात किमान दोन जाहीर सुनावण्या, त्याही लोकांना जमेल अशा वेळी आणि अशा ठिकाणी. आणि आलेल्या सूचनांपैकी जी मान्य केली नाही, तिचं कारण लिहून केंद्राकडे पाठवावं लागतं. यानं सगळं सरळ होतं असं नाही. मंगळवारी रात्री सुनावणीला कोण येणार? दोन नोकऱ्या करणारी आई येत नाही, व्यापारी मंडळाचा माणूस येतो. तरीही लेखी कारण ही मोठी चीज आहे.

शिवाय पैसा घेताना भेदभावाविरुद्ध पावलं उचलतो, असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर कौंटीनं ते वर्षानुवर्षं दिलं. एका संस्थेनं २००६ मध्ये खटला भरला, की हे प्रमाणपत्रच खोटं आहे. २००९च्या तडजोडीत कौंटीला ७५० परवडणारी घरं उभी करण्याचं मान्य करावं लागलं. कारकुनी वाटणारा कागद कधी कधी असा उपयोगी पडतो.

आता आपल्याकडे. १९९७ मध्ये स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना आली. खर्चात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. तिच्यात वस्तीतल्या कामांवर मजुरी देणारा भाग होता, साहित्य आणि मजुरीचं प्रमाण ६०:४०. पण हा भाग पाच लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांपुरताच होता. मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीतल्या बाईच्या वाट्याला बचतगट आणि कर्ज आलं. मजुरी हक्क म्हणून मागता येते, कर्ज फेडावं लागतं. २०१३ मध्ये ही योजना जाऊन राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यातही बाईची ओळख गटाची सभासद हीच राहिली. आणि आपली अंगणवाडी? तिथं तर सेविकेच्या कष्टांना वेतनही म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. त्यांचं 'सेवा' आणि आपलं 'मानधन' एकाच घरातले शब्द.

पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतील अशी सोय केली. सुचवलं जातं ते बहुतेक फुटपाथ, दिवे, बाकं. आपल्या संघटनांनी तिथं पाळणाघराच्या ताईचा बारा महिन्यांचा पगार मागून पाहावा. नाही म्हणतील. मग अर्ज करून तो नकार लेखी घ्यावा, कोणत्या नियमानं नाही म्हटलं तो क्रमांक घ्यावा. दोन-तीन शहरांतले असे नकार एकत्र आले, की पुढच्या अभ्यासवर्गात आपण ते समोर ठेवून बसू. मघाशी मागे बसलेल्या ताईंनी विचारलं, अर्ज कुणाच्या नावानं करायचा. प्रभाग कार्यालयात द्यायचा, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.