परतलेल्या नौकेचा हिशेब

समुद्राची लांब सफर करून कुणी घरी परतलं, की आपण त्याला विचारतो ते भीतीबद्दल. वादळात कसं वाटलं, एकटेपणा खायला उठला का? विचारण्यात गैर काही नाही. पण अशा सफरीत माणूस जे शिकतो ते बहुतेक दुरुस्तीच्या आणि तयारीच्या किरकोळ वाटणाऱ्या कामांत असतं, आणि परतल्यावर त्याने ते पुढच्याच्या हाती दिलं तरच टिकतं. आज मला मांडायचं आहे ते एवढंच.

१९६८ साली लंडनच्या एका वृत्तपत्राने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. ती पुरी करून आले एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईत बांधलेली, आणि वेगाच्या बाबतीत अगदीच बेताची. वाटेत तळाच्या फळ्यांमधून पाणी आत येऊ लागलं, तेव्हा हा गृहस्थ अटलांटिकमध्ये नौकेखाली उतरला. गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद कपडे चढवले, आणि बुडी मारून वर येत, पुन्हा बुडी मारत, कापूस शिवलेली कॅनव्हासची पट्टी त्या फटीवर खिळ्यांनी ठोकून बसवली. पुढे आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा मोडली, रेडिओ बंद पडला. तरीही ३१२ दिवसांनी, एप्रिल १९६९ मध्ये, ते फाल्मथला पोचले. धैर्य बाकीच्या आठांकडेही होतं. नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे त्याखेरीज व्यापारी जहाजावर अंगवळणी पडलेली शिस्त होती: मोडलेलं हाताशी असेल त्यातून नीट करायचं, आणि उद्यावर टाकायचं नाही.

यावर कुणी म्हणेल, परतण्याचं एवढं कौतुक कशाला? त्याच शर्यतीत फ्रान्सचे बर्नार मोआतेसिए जिंकण्याची चांगली संधी असताना घराकडे वळलेच नाहीत. तसेच पुढे ताहितीला निघून गेले. त्यांच्या पुस्तकाने कितीतरी माणसांना समुद्राची ओढ लावली. आक्षेप वजनदार आहे. पण ती ओढसुद्धा पुस्तक होऊन किनाऱ्यावर आली तेव्हाच दुसऱ्याला लागली ना? आणि नुसत्या ओढीने गळती थांबत नाही. त्यासाठी कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

आपल्याकडे नेमकं हेच घडलं. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीय माणसाने भारतीय नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला, आणि नौदलातून पुढे आले दिलीप दोंदे. त्यांनी आरंभ कुठून करावा? नॉक्स-जॉन्स्टन यांच्या नंतरच्या एका शर्यतीत किनाऱ्यावरचे मदतनीस म्हणून पडेल ते काम करण्यापासून. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली जात असताना नौकेचा कानाकोपरा त्यांच्या परिचयाचा झाला. मे २०१० मध्ये ते प्रदक्षिणा करून मुंबईला परतले. त्यांच्या त्या सफरीत किनाऱ्यावरून मदत करणारे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच ‘म्हादेई’तून कुठेही न थांबता जाऊन आले. मग दोंदे यांनी नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघणाऱ्या सहा महिला अधिकाऱ्यांना तयार केलं. फ्रिमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन हे दोंदे यांच्या वाटेवरचे चार मुक्काम ‘तारिणी’च्याही वाटेवर आले, हा काही योगायोग नव्हे.

क्षेपणास्त्रांच्या जमान्यात शिडाच्या नौकेवर सरकारी पैसा घालवायचा कशाला, असाही सवाल येतो. मला तो वरवरचा वाटतो. युद्धनौकेवर प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. छपन्न फुटांच्या नौकेवर सुकाणू धरणारी, शीड शिवणारी, स्वयंपाक करणारी आणि हवामानाचा अंदाज बांधणारी माणसं तीच ती. आता सॅटेलाइट फोन आहे, हे खरं. पण फोनवरून सल्ला मिळतो, पाना फिरवायला हात नौकेवरचेच लागतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये घराच्या वाटेवर असताना ‘तारिणी’च्या सुकाणूत बिघाड झाला, आणि ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबून तो दुरुस्त करावा लागला. घाईने तसंच पुढे न जाणं हाही शिकण्याचाच भाग. मे महिन्यात सहाही जणी गोव्यात सुखरूप उतरल्या.

त्यानंतर ‘तारिणी’ पुन्हा एकदा जगाला वळसा घालून आली. या खेपेला तिच्यावर दोघीच होत्या, नौदल अधिकारी दिलना आणि रूपा. २ ऑक्टोबर २०२४ ला त्या गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. त्यांना शिकवलं होतं अभिलाष टॉमी यांनी.