हीटसिंक चिकटवताय? आधी विचारा, हा पुन्हा काढावा लागेल का?

अर्धा तास गेम खेळलात की फोन तापतो आणि मग गेम अडखळायला लागतो, हा अनुभव तुम्हाला असेलच. तेव्हा फोन बिघडलेला नसतो. आतली चिप स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालते. याला थ्रॉटलिंग म्हणतात.

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाचंही असंच होतं. हा बोर्ड २०१९ साली आला आणि आता आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये सर्रास दिसतो. त्याची चिप ८० अंश सेल्सिअसला पोचली की तिचा वेग उतरायला लागतो आणि ८५ ला आणखी जोरात ब्रेक लागतो. आता अकोला-नागपूरकडचा मे महिना आठवा. खोलीतच ४० अंश! साधा हीटसिंक कितीही भारी घ्या, तो चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. म्हणजे ४० ते ८० एवढीच जागा आपल्या हातात उरते. हे ४० अंश म्हणजे आपलं बजेट समजा. आज बघायचंय की हीटसिंक चिकटवताना त्यातले किती अंश आपण उगाच उधळतो.

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर हीटसिंक स्क्रूने किंवा क्लिपने घट्ट दाबून बसवतात. त्याच्या खाली लावतात ती थर्मल पेस्ट. पेस्ट काहीच चिकटवत नाही, ती फक्त फट भरते. पण रास्पबेरी पायची चिप, ग्राफिक्स कार्डवरच्या मेमरी चिप्स, प्रोसेसरच्या शेजारचे छोटे मॉसफेट, यांच्यावरचे छोटे हीटसिंक दाबून धरायला बहुतेक वेळा ना भोक असतं ना क्लिप. तिथे मधल्या थराला दोन कामं करावी लागतात. उष्णता पुढे द्यायची आणि हीटसिंक धरूनही ठेवायचा. हे काम थर्मल ग्लूचं.

तुम्ही म्हणाल, धातू थेट चिपवर ठेवला तर काय बिघडतं? दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण जवळून पाहिलं तर त्यांवर डोंगरदऱ्या असतात. ते मोजक्या ठिकाणीच टेकतात आणि बाकी सगळीकडे हवा अडकते. आता तीन आकडे ऐका. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॅट प्रति मीटर केल्विनमध्ये मोजतात. अ‍ॅल्युमिनियमची क्षमता २०० च्या आसपास, साध्या थर्मल ग्लूची साधारण १ आणि हवेची फक्त ०.०२६.

म्हणजे ग्लू हवेपेक्षा जवळजवळ चाळीसपट चांगला, पण अ‍ॅल्युमिनियमपेक्षा दोनशेपट वाईट. आजच्या भागातली निम्मी गोष्ट इथेच आहे. ग्लू फक्त हवेची जागा घेण्यापुरता हवा. जास्त लावला की तोच अडथळा होतो. अति तिथे माती!

जरा हिशोब करू. चिप १५ बाय १५ मिलिमीटरची आहे आणि ५ वॅट उष्णता सोडतेय. ग्लूचा थर ०.१ मिलिमीटर असेल, तर त्या थरातच साधारण २ अंश जातात. तोच थर ०.५ मिलिमीटर झाला की ११ अंश जातात. ४० च्या बजेटमधले ११, आणि तेही नुसत्या जाड हातामुळे! आणि ग्लूच्या जागी ०.१ मिलिमीटर हवेचा सलग थर असता, तर कागदावर हा आकडा ८५ अंशांच्या घरात जातो. म्हणून ‘काहीच नको’ हा पर्याय बाद.

आता बाजारात काय मिळतं? पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर साधारण तीन गोष्टी दिसतील.

पहिली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी थर्मल टेप. सगळ्यात सोपी. पण ती जाड असते आणि तिची क्षमताही बेताची. पाव मिलिमीटर जाडी आणि ०.६ क्षमता धरली, तर आपल्या त्याच चिपवर ९ अंश जातात. मात्र ही टेप काढता येते.

दुसरी, सिलिकॉनचा थर्मल ग्लू. ट्यूबमधून काढून लावायचा, हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू सुकतो. पूर्ण पकडायला एक दिवस द्या. सुकल्यावरही थोडा लवचिक राहतो, आणि तो गुण कामाचा आहे. कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम सिलिकॉनच्या चिपपेक्षा कितीतरी पटींनी जास्त प्रसरण पावतो. रोजच्या गरम-गार होण्यात मधल्या थरावर ताण येतो, तो लवचिक थर सोसून घेतो.

तिसरा, इपॉक्सी. दोन ट्यूब, दोन्ही मिसळायच्या, मग काही मिनिटांतच ते घट्ट व्हायला लागतं. आत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची किंवा चांदीची पूड असते. पकड जबरदस्त. पण एकदा बसलं की कायमचं.

‘घरातलं अरल्डाइट चालेल का?’ तेही इपॉक्सीच, पण त्यात उष्णता वाहणारी पूड नसते. साध्या इपॉक्सीची क्षमता ०.२ च्या आसपास, म्हणजे थर्मल ग्लूच्या पाचवा हिस्सा. आणि फेविक्विक? या जातीचे साधे ग्लू ८० अंशांच्या आसपास पकड सोडायला लागतात. म्हणजे चिप सगळ्यात जास्त तापली असेल, नेमका तेव्हाच हीटसिंक सुटणार. बोर्ड उभा बसवला असेल तर तो धातूचा तुकडा चालू सर्किटवर पडणार. शॉर्ट झालं की खेळ खल्लास.

आता आजचा मुख्य मुद्दा. आपण सगळे ‘कुठला ग्लू चांगला’ विचारतो. खरं तर आधी विचारायला हवं, ‘हा हीटसिंक पुन्हा काढावा लागेल का?’

कारण या चिप्स बोर्डावर खालच्या बाजूला असलेल्या बारीक सोल्डरच्या गोळ्यांवर बसलेल्या असतात. इपॉक्सीने चिकटवलेला हीटसिंक सरळ वर ओढला, तर कधी कधी ग्लू सुटत नाही, चिपच उखडून येते. सोबत बोर्डावरचे तांब्याचे पॅडही येतात. ती दुरुस्ती बहुतेकांच्या आवाक्यात नसते. पॉकेटमनी साठवून घेतलेला बोर्ड दोन सेकंदांत जातो.

म्हणून सरळ हिशोब ठेवा. बोर्ड वॉरंटीत आहे, पुढे विकायचाय, कॉलेजला परत द्यायचाय, तर टेप लावा आणि ते ९ अंश खर्ची घाला. एक छोटा पंखा लावलात तर त्यातले बरेच परत मिळवता येतील. बोर्ड तुमचाच आहे, कायम चालू राहणार आहे, पण कधीतरी उघडावा लागेल, तर सिलिकॉन. आणि ‘हा हीटसिंक या बोर्डाबरोबरच जुना होणार’ अशी खात्री असेल, तरच इपॉक्सी. डेस्कटॉप किंवा लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर मात्र ग्लू कधीच नाही. तिथे पेस्टच.

लावताना चार गोष्टी पाळा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा. ग्लू न लावता हीटसिंक एकदा ठेवून बघा, शेजारच्या कशाला टेकत नाही ना? मग मधोमध छोटा थेंब, किंचित गोल फिरवत दाबा. आणि पूर्ण सुकेपर्यंत बोर्ड आडवाच ठेवा. चांदी असलेला ग्लू घेतला असेल, तर तो वीज वाहतो का हे पाकिटावर वाचा आणि थेंब बाहेर सांडू देऊ नका.

तरीही काढायची वेळ आलीच तर? बोर्ड बंद करून झिपच्या पिशवीत थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवा. गारव्याने इपॉक्सीसारखा ग्लू ठिसूळ होतो. मग हीटसिंक हळूहळू पिळत सोडवा, वर ओढू नका. बोर्ड पूर्ण कोरडा झाल्याशिवाय चालू करू नका. यात यशाची हमी नाही, फक्त शक्यता वाढते.

आणि हो, हीटसिंक लावायच्या आधीचं तापमान लिहून ठेवा. तीच खोली, तेच काम, १५ मिनिटं. मग लावल्यानंतर पुन्हा मोजा. किती अंश वाचले हे कुठल्याही पाकिटावरच्या आकड्यापेक्षा तुमचा बोर्डच खरं सांगेल. तुमचे आधीचे-नंतरचे आकडे आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर डोकं थंड ठेवा, बोर्डाचंही आणि तुमचंही!