मॅरेथॉनचा सराव : काही अनुभव
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी नामवंत खेळाडू नाही. कारखान्यातली पाळीची नोकरी सांभाळून पंधरा वर्षे मॅरेथॉनचा सराव केला, एवढीच माझी पुंजी. त्यातले जे आपल्या उपयोगी पडेल तेवढेच सांगतो.

लांब पल्ल्याचे धावणे हे श्रीमंतांचे खूळ आहे, असा आपल्यात समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटांनी भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठवण्याचा पुढाकार घेतला. १९२० साली अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. अलीकडे दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिला क्रमांक मिळवला, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्याची तयारी साधारण चार-पाच महिन्यांची; पण त्याआधी वर्षभर तरी नियमित धावण्याची सवय हवी. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात जोर लावतो. दम लवकर वाढतो, परंतु गुडघे, घोटे आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात. म्हणून बहुतेक धावणे संथ असावे. सोबत्याशी बोलता येईल, एवढाच वेग ठेवावा. रविवारी लांब पल्ला. आम्ही पहाटे ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी आणि पुढे पाम बीच रस्त्याने बेलापूर गाठायचो. हे सुमारे वीस किलोमीटर. परत यायला लोकल.

तीस किलोमीटरनंतर शरीरातला साखरेचा साठा संपत येतो आणि पाय शिशासारखे होतात. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ नेमका त्यानंतर येतो. तिथे जिद्दीपेक्षा मागचे संथ महिने कामाला येतात. वाटेत थोडे थोडे खावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भाराभर पाणी पिणेही घातक ठरते.

रात्रपाळी करून आलेल्याने त्या सकाळी धावू नये. झोप हाही सरावच आहे.

बंधू-भगिनींनो, माझ्याबरोबर कामाला लागलेल्या कित्येकांना पन्नाशीच्या आत मधुमेह आणि रक्तदाब जडला. काही जण निवृत्तीचे पैसे हातात पडण्याआधीच गेले. धावले असते तर सगळे वाचले असते, असे मी म्हणत नाही. परंतु कामाने थकलेले शरीर म्हणजे कमावलेले शरीर, या समजुतीने आपण फसतो. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणे हा व्यायाम नव्हे.

आणखी एक. पहाटे मुलगा धावायला निघाला तर आपण कौतुक करतो, मुलगी निघाली की चार प्रश्न विचारतो. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडले. आपल्या घरात तरी एवढा उशीर नको. तिला एकटीला पाठवायची काळजी वाटत असेल, तर आई-वडिलांनी बरोबर निघावे. तिघांचीही प्रकृती सुधारेल.

बेचाळीस किलोमीटर सर्वांनी धावावे, असा माझा आग्रह नाही. उद्या सकाळी अर्धा तास भरभर चाला. महिनाभराने त्यात पाच मिनिटे धावणे घाला. चाळिशी उलटली असेल किंवा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.