कसेल त्याची जमीन : शीतयुद्धातील एक विसरलेली आघाडी

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादाचा प्रसार रोखण्यासाठी अमेरिकेने काय केले, असे विचारले की ठरावीक नावे पुढे येतात : ट्रूमन सिद्धांत, मार्शल योजना, नाटो, कोरिया, व्हिएतनाम. या यादीत डॉलर आहेत, विमाने आहेत, अणुबाँबही आहे. शेतकरी मात्र कोठेच नाही. वास्तविक या स्पर्धेत ज्या आशियात लक्षावधी माणसांचे रक्त सांडले, तेथील बहुसंख्य लोक शेतावर राबणारे होते. भांडवलशाही की साम्यवाद, हा प्रश्न त्यांना पडलेला नव्हता. आपण कसतो ती जमीन कोणाची, आणि पिकातला किती वाटा घरी येणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला दोन्ही महासत्तांनी काय उत्तर दिले, हे पाहिल्यावाचून शीतयुद्धाचा हिशेब पुरा होत नाही.

साम्यवादाला बांध घालण्याच्या धोरणाचे, म्हणजे ‘कंटेनमेंट’चे, जनकत्व जॉर्ज केनन यांच्याकडे जाते. मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीतून त्यांनी २२ फेब्रुवारी १९४६ रोजी एक दीर्घ तार धाडली. साम्यवाद रोगट शरीरावर पोसला जातो, तेव्हा आपला समाज निरोगी राखणे हा त्यावरचा मोठा उपाय होय, असा तिच्या अखेरच्या भागाचा आशय होता. १२ मार्च १९४७ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ग्रीस व तुर्कस्तान यांच्यासाठी ४० कोटी डॉलर मागितले, त्यांतला मोठा हिस्सा लष्करी होता. त्याच वर्षी जूनमध्ये मार्शल योजनेची घोषणा झाली, आणि पुढील चार वर्षांत सुमारे १३०० कोटी डॉलर पश्चिम युरोपच्या पुनर्रचनेसाठी गेले. म्हणजे आरंभापासूनच या धोरणाला दोन हात होते. एक भाकरीचा, दुसरा बंदुकीचा. १९५० साली कोरियात युद्ध पेटले आणि दुसरा हात पहिल्यावर कायमचा वरचढ ठरला. अमेरिकेचा संरक्षणखर्च त्या वर्षी १४०० कोटी डॉलरच्या आत होता. १९५३ साली तो ५००० कोटींच्या पुढे गेला. या लष्करीकरणाला खुद्द केनन यांचा विरोध होता, तो कोणी मनावर घेतला नाही.

युरोपात भाकरी म्हणजे कोळसा, पोलाद आणि धान्य. आशियात भाकरी म्हणजे जमीन. हे ज्या थोड्या अमेरिकनांना उमगले होते त्यांत वुल्फ लादेजिन्स्की यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८९९ साली युक्रेनमध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. क्रांतीत घरची मालमत्ता गेली, आणि १९२२ साली ते अमेरिकेत आले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले व १९३५ पासून ते अमेरिकन शेतीखात्यात नोकरी करू लागले. बोल्शेविकांविषयी त्यांना ममत्व वाटण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही आपल्या अनुभवातून त्यांनी काढलेला निष्कर्ष सूडाचा नव्हता. रशियात हंगामी सरकारने जमिनीचा प्रश्न घटनासमितीवर सोपवून लांबणीवर टाकला; लेनिनने सत्ता हाती येताच दुसऱ्या दिवशी जमिनीचा हुकूम काढला. जे काम लोकशाही सरकारने आधी करावयास हवे होते ते त्याने केले नाही, म्हणून क्रांतीला वाट मिळाली, हे लादेजिन्स्कींच्या विचाराचे सूत्र होते.

जपानमध्ये या विचाराला संधी मिळाली. युद्धापूर्वी तेथील सुमारे ४६ टक्के शेतजमीन कुळांकडे होती आणि भाताच्या पिकाचा निम्म्यापर्यंत वाटा मालकाच्या कोठारात जाई. ९ डिसेंबर १९४५ रोजी जनरल मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाने जमीनसुधारणेचा आदेश काढला आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये कायदा झाला. गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळांकडील सर्व जमीन सरकारने विकत घेतली. गावात राहणाऱ्या मालकाला कुळांकडील जमिनीपैकी साधारण एक हेक्टर ठेवता आली. होक्काइडो बेटावर ही मर्यादा चार हेक्टर होती. मोबदला रोख्यांत मिळाला आणि चलनवाढीने त्याची किंमत जवळजवळ नाममात्र उरली. काही वर्षांतच कुळांकडील जमिनीचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले.

हे सर्व परक्या सेनापतीच्या हुकमाने घडले, असे मानणे मात्र अपुरे आहे. जपानी शेतीखात्यातील हिरोओ वादा यांच्यासारखे अधिकारी कुळांच्या हक्कांचा विचार पूर्वीपासून करीत होते. वादा पुढे शेतीमंत्री झाले आणि नंतर समाजवादी पक्षात गेले. शिवाय अंमलबजावणीचे यंत्र गावाच्या हाती दिले होते. प्रत्येक गावच्या जमीनसमितीत पाच कुळे, तीन जमीनदार आणि दोन स्वतः कसणारे मालक, असे दहा निवडलेले सभासद असत. म्हणजे समितीचे निम्मे सभासद कुळांचे. कायद्याचे कलम जितके महत्त्वाचे, तितकीच ही संख्या महत्त्वाची होती.

तैवानमध्ये चँग कै-शेक यांच्या सरकारने १९४९ साली खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला आणि १९५३ साली ‘कसेल त्याची जमीन’ हा कायदा केला. मालकांना मोबदल्याचा ७० टक्के भाग धान्याच्या हिशेबातील रोख्यांत आणि ३० टक्के भाग सरकारी उद्योगांच्या समभागांत मिळाला. चीनच्या मुख्य भूमीवर जे सरकार जमीनदारांना हात लावू शकले नव्हते, त्यानेच हे केले. कारण उघड आहे. तैवानचे जमीनदार त्याचे कोणी नव्हते.

दक्षिण कोरियाची कथा अधिक बोचरी आहे. तेथील पहिले शेतीमंत्री चो बोंग-आम हे एकेकाळचे साम्यवादी. तीन हेक्टरांची मर्यादा घालणाऱ्या जमीनसुधारणेचा पाया त्यांनी घातला. उत्तर कोरियाने १९४६ सालीच जमीन वाटली होती, त्यामुळे दक्षिणेला स्वस्थ बसणे परवडणारे नव्हते. साम्यवाद सोडून चो लोकशाही समाजवादाकडे वळले, आणि १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना वीस लाखांहून अधिक मते पडली. सिंगमन ऱ्ही यांच्या राजवटीने त्यांना उत्तरेचे हेर ठरविले आणि १९५९ साली फासावर चढविले. २०११ साली दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. साम्यवादाला खरा बांध घालणारा माणूस साम्यवादी म्हणून मारला गेला. दोन महासत्तांच्या जात्यात लोकशाही समाजवाद्यांचे काय झाले, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

मित्रहो, १९५४ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षात ठेवावे असे आहे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात हाकोबो आर्बेन्झ यांच्या निर्वाचित सरकारने जून १९५२ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा केला होता. मोठ्या मळ्यांतील पडीक जमीन घेऊन ती भूमिहीनांना द्यावयाची, आणि मालकाने करासाठी स्वतः जाहीर केलेल्या किमतीनुसार मोबदला द्यावयाचा, असे त्याचे सूत्र होते. सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली. अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीला घेतलेल्या जमिनीच्या एका मोठ्या पट्ट्यापोटी सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर देऊ करण्यात आले, कारण तिच्याच कागदोपत्री जमिनीची तेवढी किंमत होती. अमेरिकन परराष्ट्रखात्याने कंपनीच्या वतीने मागणी केली ती सुमारे १ कोटी ५८ लाखांची. आर्बेन्झ यांच्या सल्लागारांत साम्यवादी होते, हे खरे आहे, पण कायद्याचे कलम पाहिले तर तो जपानच्या कायद्यापेक्षा कितीतरी सौम्य होता. जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने आखलेल्या कारवाईत आर्बेन्झ यांना पदत्याग करावा लागला आणि वाटलेली जमीन परत घेतली गेली. पुढे त्या देशात यादवी पेटली, ती १९९६ पर्यंत चालली. मृत आणि बेपत्ता माणसांची संख्या दोन लाखांवर गेली, असा संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन शेतीखात्याने लादेजिन्स्की यांना सुरक्षिततेच्या दृष्टीने धोकादायक ठरवून नोकरी नाकारली. त्यांच्या बहिणी रशियात होत्या, १९३९ साली ते तेथे जाऊन आले होते, आणि पूर्वी एका सोव्हिएट व्यापारी संस्थेत त्यांनी दुभाष्याचे काम केले होते, असे आक्षेप होते. त्यावर गदारोळ झाला, दुसऱ्या खात्याने त्यांना व्हिएतनामसाठी घेतले आणि १९५५ साली शेतीखात्याला माघार घ्यावी लागली. तरी वृत्ती उघडी पडली ती पडलीच. टोकियोत जे धोरण म्हणून गौरविले जाते, तेच ग्वाटेमालात बंड ठरते आणि वॉशिंग्टनमध्ये संशयास्पद. जमीनदार आपला मित्र नसेल तेथे जमीनसुधारणा, मित्र असेल तेथे साम्यवादाचा धोका, असा हा न्याय होता.

व्हिएतनाममध्ये या न्यायाची किंमत चुकवावी लागली. मेकाँगच्या खोऱ्यात फ्रेंचांविरुद्धच्या लढ्याच्या काळातच व्हिएतमिन्हने जमिनी वाटल्या होत्या. १९५४ नंतर दिएम यांचे सरकार आले आणि त्याच्या सैनिकांपाठोपाठ पळून गेलेले जमीनदार खंड वसूल करावयास परतले. खंड पिकाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा नियम दिएम सरकारने केला. परंतु जो आदल्या वर्षी काहीच देत नव्हता, त्याला २५ टक्के ही सवलत कशी वाटावी? १९५६ साली कमाल धारणेची मर्यादा ठरली, ती १०० हेक्टर. जपानमध्ये एक, व्हिएतनाममध्ये शंभर! लादेजिन्स्की स्वतः दिएम यांचे सल्लागार होते. त्यांचा सल्ला जेथे जमीनदारांच्या हिताला भिडला तेथे थांबला. अखेर मार्च १९७० मध्ये सायगावने खराखुरा ‘कसेल त्याची जमीन’ कायदा केला. तोपर्यंत पाच लाख अमेरिकन सैनिक येऊन परतू लागले होते. १९७५ साली सायगाव पडले.

मग साम्यवाद्यांनी तरी शेतकऱ्याला न्याय दिला काय? तेही म्हणता येत नाही. ज्या रशियन शेतकऱ्याला १९१७ साली जमीन मिळाली, त्याच्याकडून ती १९२९ नंतरच्या सामुदायिकीकरणात हिसकावून घेण्यात आली, आणि १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनसह अनेक प्रदेशांत लक्षावधी माणसे मेली. चीनने १९५० साली जमीनसुधारणेचा कायदा केला आणि १९५८ साली सारी जमीन कम्यूनमध्ये ओढली. त्यानंतरच्या दुष्काळातील मृत्यू कोटींच्या हिशेबात मोजावे लागतात. उत्तर व्हिएतनाममधील जमीनसुधारणेत निरपराधांचे बळी गेले, आणि १९५६ साली हो चि मिन्ह यांना चुका झाल्याची जाहीर कबुली द्यावी लागली. एका बाजूने जमीन देण्याचे टाळले, दुसऱ्या बाजूने देऊन काढून घेतली. दोघांनाही शेतकरी हवा होता तो प्याद्यासारखा.

येथे एक आक्षेप येईल. जपान, तैवान आणि कोरिया येथे सुधारणा झाली ती लोकशाहीने केली काय? एके ठिकाणी परकी फौज होती, दुसऱ्या ठिकाणी बाहेरून आलेली राजवट, तिसऱ्या ठिकाणी शेजारच्या क्रांतीचा धाक. आक्षेप खरा आहे. जमीन मिळाल्याने स्वातंत्र्य आपोआप मिळत नाही, हेही खरे; तैवान आणि दक्षिण कोरिया १९८७ पर्यंत हुकूमशाहीखाली होते. आणि जपानचा नवा छोटा मालक समाजवाद्यांच्या मागे न जाता दीर्घकाळ पुराणमतवादी पक्षाचा आधार बनला. असे असूनही त्या खेड्यांतील उपासमार आणि लाचारी संपली, हे नाकारता येत नाही.

प्रश्न उरतो तो भारतासारख्या देशाचा, जेथे कायदा विधिमंडळात होतो आणि विधिमंडळात जमीनमालकांचे वजन असते. तेलंगणातील सशस्त्र लढ्याच्या भूमीवर १९५१ साली विनोबांना भूदान सुचले, ते याच प्रश्नाच्या दडपणातून. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ चा, पण वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी गोखले संस्थेतर्फे केलेल्या, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की, गावोगाव कुळे जमिनी ‘स्वेच्छेने’ सोडत होती आणि संरक्षण कागदावर राहत होते. त्या वर्षी १ एप्रिलला कृषक दिन आला तेव्हा अनेकांच्या हाती कसावयास जमीनच उरली नव्हती. लादेजिन्स्की यांनी आयुष्याची अखेरची वर्षे भारतात घालविली. १९६५ साली नियोजन मंडळाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या अहवालात कुळांची नोंदच नसल्याची हीच तक्रार आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात ते महाराष्ट्रात हिंडले आणि त्यांनी ते चित्र मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडले. १९७५ साली ते वारले. जपानसारखी जमीनसमिती, जिच्यात निम्मी कुळे आहेत, त्यांना येथे बहुतेक ठिकाणी पाहावयास मिळाली नाही.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएट संघ विसर्जित झाला. ज्याला बांध घालावयाचा तेच उरले नाही. त्याबरोबर एक गोष्ट नकळत निघून गेली. साम्यवादाची भीती होती तोवर राज्यकर्त्यांना भूमिहीनाची आठवण येत असे. १९६७ साली नक्षलबारीत उठाव झाला तेव्हा दोन वर्षांत केंद्रीय गृहखात्याने ग्रामीण असंतोषाच्या कारणांवर अहवाल तयार केला आणि त्यात जमिनीच्या प्रश्नाची कबुली दिली. भीतीतून आलेला न्याय भीतीबरोबरच संपतो. तो टिकवावयाचा असेल तर गावच्या समितीत पाच कुळे बसविण्याचे काम कोणा सेनापतीवर किंवा शेजारच्या क्रांतीवर सोपवून चालणार नाही. ते संघटित कष्टकऱ्यांनीच करावयाचे आहे, आणि लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांना त्यातून सुटका नाही.