उरलं नाही म्हणून वाचली

(धरमपेठेत घरकामगार बायका आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्या यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्यातल्या आरोग्यावर बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. मी फक्त एका भाजीवर बोलणार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तिला सात्या म्हणतात, टेकोडे म्हणतात. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, छत्तीसगडात फुटू. इथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणींच्या माहेरी ती शिजते. उरलेल्या निम्म्याजणींना ती गोकुळपेठच्या बाजारात डबीत बंद झालेली, पांढरी बटणासारखी तेवढी माहीत आहे.

आधी एक हकिकत सांगते. बाईचं नाव सांगत नाही.

धरमपेठेला लागून असलेल्या वस्तीत राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. माहेर झाडीपट्टीतलं. एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि सकाळी एका बंगल्याच्या हिरवळीवर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "उपटून फेक ती घाण." हिनं उपटल्या, पण फेकल्या नाहीत. पदरात बांधून घरी नेल्या. कांदा, लसूण, तिखट घालून रस्सा केला. नवरा जेवला, दोन्ही लेकरं जेवली. कढईत काही राहिलं नाही, म्हणून हिनं भाकर आणि चटणी खाल्ली.

दोन तासांत तिघांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. रात्रभर रुग्णालयात सलाइन लागली. तिसऱ्या दिवशी तिघं बरी होऊन घरी आली. पण प्रकरण तिथे संपलं नाही. विषबाधा म्हटल्यावर बयान आलं. डॉक्टरांनी, बयान घेणाऱ्यानं, सासूनं, शेजारणीनं, सगळ्यांनी तिला एकच प्रश्न विचारला: "तू का नाही खाल्लं?"

मी तिच्याजवळ बसले होते. ती म्हणाली, "ताई, उरलंच नाही, मंग काय खाऊ?" कागदावर मात्र "स्वतः खाल्ले नाही" एवढंच लिहिलं गेलं होतं. "उरले नव्हते म्हणून" हे तीन शब्द त्यात घालून घ्यायला आम्हाला अर्धा तास वाद घालावा लागला. बाईनं शेवटी जेवायचं, उरलंसुरलं खायचं, ही आपल्या घराघरातली रीत. त्या रीतीनं ती वाचली आणि त्याच रीतीनं तिला आरोपी केलं.

आता तिची चूक कुठे झाली ते पाहू. तिला काही कळत नव्हतं, असं म्हणू नका. माहेरच्या रानात ती कधी चुकली नव्हती. सात्या वारुळाजवळ निघतात. वाळवी वारुळाच्या पोटात या बुरशीची बागच जोपासते. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही. म्हणूनच आजवर कोणाला या सात्यांची शेती करता आलेली नाही. कोणत्या वारुळाला, कोणत्या पावसानंतर, कोणत्या झाडाखाली, हे ज्ञान आई लेकीला रानात बोट धरून देते. पण हे ज्ञान त्या मातीचं असतं. बंगल्याच्या हिरवळीवर वारूळ नसतं.

अशा हिरवळीवर क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नावाची एक विषारी छत्री उगवते. आमच्या हातात तिचा तुकडा आला नाही, त्यामुळे तीच होती असं मी म्हणत नाही. पण लक्षणं तिच्याशी जुळतात. कोवळी असताना तिच्या खालचे पडदे पांढरेच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात. म्हणजे ओळख पटेपर्यंत उशीर झालेला असतो.

स्थलांतर केलेल्यांची अशी फसगत जगभर होते. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे २०११ सालच्या वर्षअखेरीच्या जेवणानंतर दोघांचा जीव गेला. तिथली विषारी 'डेथ कॅप' आशियातल्या पेंढ्यावर वाढणाऱ्या अळंबीसारखी दिसते. दिसणं सारखं, माती वेगळी.

म्हणून पहिली गोष्ट: परक्या जागची छत्री खायची नाही, ती कितीही ओळखीची वाटो. दुसरी: चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलतो का, किड्यांनी खाल्लं आहे का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. उकळून, वाळवून किंवा मीठ लावून जहाल विष जात नाही. आणि घरातल्या बाईनं आधी चाखून पाहायचं, हीही रीत नको. आपण परीक्षानळ्या नाही.

आता ओळखीच्या बाईकडून घेतलेल्या खात्रीच्या सात्यांबद्दल. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, घाम सुटून सडतात. टोपलीत किंवा पळसाच्या पानात आणा आणि त्याच दिवशी शिजवा. मातीचा देठ आधी कापून टाका, नाहीतर सगळी माती वर चढते. पाण्यात भिजत घालू नका. स्पंजासारखं पाणी पितात. दोन-तीन पाण्यांतून झटपट धुऊन काढा, मोठी छत्री उभी फाडून आत अळी आहे का बघा. लिबलिबीत झालेली, वास मारणारी फेका.

कच्ची खाऊ नये. कांदा परतून त्यावर घातली की तिला स्वतःचंच पाणी सुटतं. ते आटेपर्यंत परतायची, मग तिखट-मीठ आणि वरून सांबार. वेगळं पाणी फार लागत नाही. पहिल्यांदा खाणाऱ्यानं थोडीच खावी. एक-दोन कच्च्या छत्र्या देठासकट कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. काही झालंच तर डॉक्टरांना त्या दाखवता येतात.

टिकवायचं तर वाळवणं हाच आपल्या घरातला उपाय. पावसात ऊन नसतं, म्हणून उभे काप करून दोऱ्यात ओवायचे आणि चुलीच्या वर, धग लागेल पण जळणार नाहीत असे टांगायचे. किंवा सुपात पसरून पंख्याखाली ठेवायचे. वाकले तर अजून ओले, कट्‌कन मोडले तर झाले. कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा. दहा किलोचे वाळून जेमतेम किलोभर राहतात. वापरताना कोमट पाण्यात भिजवून पुन्हा नीट शिजवा. तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. हवा न लागता तिथे दुसरंच विष तयार होऊ शकतं.

आणि एक लक्षात ठेवा. खाल्लं किती वाजता आणि उलटी सुरू झाली किती वाजता, हे डॉक्टरांना सांगा. सहा तासांनंतर किंवा त्याहून उशिरा त्रास सुरू झाला, तर धोका जास्त. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होतं. बरं वाटलं म्हणून घरी पळून यायचं नाही.

शेवटचं सांगते. रस्त्याच्या कडेला पानावर वाटे मांडून बसलेल्या मावशीशी आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. ती पहाटे चिखल तुडवत फिरली, तिनं दहा छत्र्या पाहून एक तोडली. आपल्या लेकरांचा जीव तिच्या नजरेवर असतो. त्या नजरेची किंमत मात्र आपण धरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवूनही दाखवला. त्या हक्काच्या कागदांवर रानात जाणाऱ्या बायकांची नावं येतात का, हे आपण विचारलं पाहिजे.

त्या बाईनं पुढे वस्तीत बैठक बोलावली. पोस्टर नाही, पत्रक नाही. तिनं स्वतः उभं राहून सांगितलं की माहेरी मला कळत होतं, इथं नाही कळलं. त्या बैठकीत बायकांनी ठरवलं: हिरवळीवरचं खायचं नाही, आणि ताटं सगळ्यांची एकदम वाढायची. पहिला ठराव पाळला जातो. दुसऱ्याचं काय झालं, हे मी दर बैठकीला विचारते. बायका हसतात आणि खाली बघतात. आज तुम्हालाही तेच विचारते: काल रात्री तुमच्या घरी शेवटी कोण जेवलं?