निर्वासितांचे मन आणि आपले कर्तव्य
(नागभीड येथील भाषण)



पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेली बंगाली कुटुंबे १९६० च्या दशकात आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी-मुलचेरा भागात वसविली गेली. शासनाने जमीन मोजून दिली. गाव, नदी आणि भाषा गमावलेल्या मनाची विचारपूस मात्र केली नाही. यांतील बहुसंख्य नामशूद्र. पश्चिम बंगालात ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. नातवंडांच्या पिढीलाही ‘तुम्ही कोण?’ याचे उत्तर कचेरीत द्यावे लागत असेल, तर जखम भरणार कशी?

युद्धग्रस्त प्रदेशांतील दर पाच माणसांमागे सुमारे एकास मानसिक विकार असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली नोंदविले. हे दुःख दैवाचे नव्हे, व्यवस्थेचे आहे. आणि ज्यांचे जंगल तोडून या वसाहती उभ्या राहिल्या, त्या गोंड बांधवांचे दुःखही त्याच व्यवस्थेने दिलेले आहे. दोन विस्थापितांना परस्परांविरुद्ध उभे करणे हा सत्तेचा जुना डाव होय.

२०१७ च्या कायद्याने सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. तो तालुक्याच्या रुग्णालयात, बंगाली व गोंडी समजणाऱ्या माणसाकडून मिळाला पाहिजे. ही मागणी दोन्ही वस्त्यांनी एकत्र करावी. आणि तोवर आपण त्यांच्या ओसरीवर बसून ऐकावे.